‘बरं वाटत नाही’ याला पुरावा काय?

रक्ताच्या रिपोर्टवर साधारण चार रकाने असतात. तपासणीचं नाव, तुमचा आकडा, एकक आणि शेवटी ‘नॉर्मल’ची मर्यादा. व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली की बहुतेक जण फक्त ठळक अक्षरं शोधतात, कारण आकडा मर्यादेबाहेर गेला की तो ठळक छापला जातो. एकही ठळक आकडा नसला की काही जण ‘सुटलो’ म्हणतात. पण काहींचा चेहरा उलट पडतो. त्यांना खरंच बरं वाटत नसतं आणि आता ते कुणाला आणि कसं पटवून द्यायचं, हा नवाच प्रश्न त्यांच्यापुढे येतो.

मी वालीवमध्ये एका लॅबच्या कलेक्शन सेंटरवर रक्त काढायचं काम करते. वसई पूर्वेचा हा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते : हायवे सोडून आत वळलं की गाळेच गाळे. प्लास्टिक मोल्डिंग, प्रेस मशीन, बफिंग, पॅकिंग. गाळ्यांच्या मागे चाळी, एकेका खोलीत पाच-सहा जण. मध्येच गावातली जुनी घरं, विहिरी, झाडं. आमच्याकडे येणाऱ्यांत या सगळ्यांची सरमिसळ असते. डीएमएलटी करताना आम्हाला नमुना कसा घ्यायचा ते शिकवलं, नमुन्यावर विश्वास कधी ठेवायचा तेही शिकवलं. नमुना देणाऱ्या माणसावर विश्वास कधी ठेवायचा, हा धडा अभ्यासक्रमात नव्हता.

हा लेख त्या राहिलेल्या धड्याबद्दल आहे. उदाहरण म्हणून मी सेप्सिस घेतेय. कारण तिथे विश्वास ठेवायला उशीर झाला तर माणूस जातो आणि तिथेच रक्तातल्या आकड्यांवर आपण सगळ्यात जास्त भिस्त ठेवतो.

आग कुणी लावली?

जखम चिघळली की आपल्याकडे ‘सेप्टिक झालं’ म्हणतात. कुणी गेलं की ‘रक्तात विष पसरलं’ म्हणतात. दोन्हींत कल्पना एकच : बाहेरून शत्रू आला आणि त्याने माणूस मारला. डॉक्टरांची व्याख्याही बरीच वर्षं याच्या जवळपासची होती. २०१६ मध्ये तज्ज्ञांच्या एका आंतरराष्ट्रीय गटाने ती बदलली. आज सेप्सिस म्हणजे संसर्गाला शरीराने दिलेला असा बेताल प्रतिसाद, की ज्यामुळे स्वतःचेच अवयव निकामी होऊ लागतात आणि जीव धोक्यात येतो. जंतू निमित्त असतो. मोडतोड बऱ्याच अंशी घरच्यांची असते.

हे दुर्मीळ नाही. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की २०१७ या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख मृत्यू त्याच्याशी निगडित होते. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमागे जवळपास एक.

रक्तात याच्या खुणा शोधतात त्या ढोबळमानाने दोन प्रकारच्या. पहिल्या खुणा सांगतात की प्रतिकारशक्ती जागी झालीय. सीआरपी हे त्यातलं सगळ्यांच्या ओळखीचं नाव. करोनाच्या दिवसांत ते घराघरात पोचलं. हे प्रथिन यकृत तयार करतं. प्रोकॅल्सिटोनिन आणि इंटरल्युकिन-६ ही याच गटातली. दुसऱ्या खुणा सांगतात की पेशींना इजा होतेय. लॅक्टेट वाढतं तेव्हा पेशी प्राणवायू आणि इंधनाच्या बाबतीत तगमगत आहेत, किंवा शरीराला लॅक्टेटचा निचरा करणं जमत नाहीये. एलडीएच हे पेशींच्या आत राहणारं द्रव्य; ते रक्तात जास्त सापडलं म्हणजे कुठेतरी पेशी फुटल्यात. याच्याही पुढे संशोधक पेशीबाहेर भटकणारा डीएनए, तो ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती हिस्टोन प्रथिनं, एचएमजीबी-१ असं बरंच काही मोजतात. ही सगळी घरातली चीजवस्तू आहे. ती रस्त्यावर पडलेली दिसली की समजायचं, घर फुटलंय.

यातली गंमत अशी की दोन्ही प्रकारच्या खुणा एकमेकींना जन्म देतात. १९९४ मध्ये पॉली मॅट्झिंगर या शास्त्रज्ञ बाईंनी एक कल्पना मांडली. तोवरचा समज असा होता की प्रतिकारशक्ती ‘आपला कोण, परका कोण’ एवढंच बघते. मॅट्झिंगर म्हणाल्या, ती ‘धोका कुठे आहे’ हे बघते. जखमी पेशीतून जे बाहेर सांडतं, तीच धोक्याची हाक. या कल्पनेवर आजही वाद आहेत, पण हाक खरी आहे हे पुढे अनेक प्रयोगांत दिसलं. २०१० मध्ये अपघातात जबर जखमी झालेल्या रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच मायटोकॉन्ड्रियाचे तुकडे सापडले, आणि हे तुकडे पांढऱ्या पेशींना जंतूंसारखेच चेतवतात असं दिसलं. मायटोकॉन्ड्रिया म्हणजे आपल्या पेशींची वीजघरं. फार प्राचीन काळी ते स्वतंत्र जिवाणू होते, दुसऱ्या पेशीत शिरले आणि कायमचे राहिले. अब्जावधी वर्षं आपल्या घरात राहून, घराला वीज पुरवूनही, घर फुटून ते रस्त्यावर आले की त्यांना घुसखोर समजलं जातं. ज्या गावाची निम्मी वस्ती कुठून ना कुठून आलेली आहे, तिथे बसून हे वाचताना मी थोडी थांबले होते.

आता सेप्सिसमध्ये काय होतं बघा. जंतू आले, प्रतिकारशक्ती जागी झाली, तिच्या माऱ्यात आपल्याही पेशी फुटल्या, फुटलेल्या पेशींनी हाक दिली, त्या हाकेने प्रतिकारशक्ती आणखी पेटली. रक्तातला आकडा सांगतो की मोडतोड झालीय. ती शत्रूने केली की रखवालदाराने, हे तो सांगत नाही.

धूर आणि तापलेला लोखंडाचा गोळा

न्यायशास्त्रात अनुमानाचं एक जुनं उदाहरण आहे. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहे. आग डोळ्यांनी दिसली नाही तरी चालतं, कारण धूर आणि आग यांचं नातं आपण स्वयंपाकघरात हजारदा पाहिलेलं असतं. रक्ताची तपासणी हे असंच अनुमान आहे. सीआरपी हा धूर, संसर्ग ही आग.

पण त्याच शास्त्राने दोन सावधगिरीच्या सूचनाही दिल्यात. पहिली : धुकं किंवा उडालेली धूळ धुरासारखी दिसू शकते. मोठं ऑपरेशन, भाजणं, अपघात, सांध्यांचे काही आजार यांत जंतू नसतानाही सीआरपी चढतं. मोठ्या ऑपरेशननंतर, अपघातानंतर प्रोकॅल्सिटोनिनही चढू शकतं. ही झाली धूळ.

दुसरी सूचना जास्त महत्त्वाची. धूर असेल तिथे आग असते, पण आग असेल तिथे धूर असेलच असं नाही. उदाहरण देतात ते तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं. त्यात आग आहे, धूर नाही. धुरासाठी नुसती आग पुरत नाही, ओलं सरपण लागतं. सीआरपीचं ओलं सरपण म्हणजे धडधाकट यकृत आणि थोडा वेळ. यकृत पार खराब झालेल्या माणसाला गंभीर संसर्ग झाला तरी त्याचं सीआरपी फारसं चढत नाही. आणि वेळेचं म्हणाल, तर संसर्ग सुरू झाल्यापासून सीआरपी वाढायलाच सहा ते बारा तास लागतात, शिखर गाठायला दीड-दोन दिवस. प्रोकॅल्सिटोनिन जरा लवकर उठतं, पण तेही तत्काळ नाही. म्हणजे थंडी वाजून आल्यावर दोन-तीन तासांत काढलेलं रक्त आजारपणाच्या आधीची हकीकत सांगत असतं.

शिवाय धूर मोजणाऱ्या नळीचीही स्वतःची कहाणी असते. सुई बारीक असली, सिरिंजने रक्त जोरात ओढलं, नळी हलवली, की लाल पेशी नळीतच फुटतात. सीरम गुलाबी दिसतं, पोटॅशियम आणि एलडीएच वाढलेलं येतं. ही इजा माणसाच्या अंगात झालेली नसते, आमच्या टेबलावर झालेली असते. लॅक्टेटचा नमुना करड्या झाकणाच्या नळीत घेऊन, बर्फात ठेवून, घाईने पाठवावा लागतो. कारण नळीतल्या पेशी जिवंत असतात. त्या साखर खात राहतात आणि लॅक्टेट सोडत राहतात. रक्त गोठताना पांढऱ्या पेशी फुटून डीएनए सांडतो, म्हणून पेशीबाहेरचा डीएनए मोजायचा तर गोठलेल्या रक्ताचं सीरम टाळून प्लाझ्मा घेतात. चांगल्या लॅबमध्ये असा नमुना ओळखून परत मागवतात. मला यातून एवढंच म्हणायचं आहे, की आकडा आकाशातून पडत नाही. तोही एक साक्षीदार आहे. त्याने काय पाहिलं, कधी पाहिलं, कुणी त्याच्यावर दबाव टाकला होता का, हे त्यालाही विचारावं लागतं.

“दीदी, लेकिन बुखार तो है”

आता एक प्रसंग. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.

पावसाळ्यातली गोष्ट. पंचविशीतला एक मुलगा दुपारी सेंटरवर आला. प्रेस मशीनवर काम करणारा. दोन दिवसांपूर्वी बोटाला पत्रा लागला होता, त्यावर चिंधी बांधलेली. सकाळी अंगात थंडी भरून आली होती. मुकादमाने त्याला सांगितलं होतं, रिपोर्ट काढून आण, काही निघालं तर सुट्टी. मी रक्त घेतलं. हात गरम होते, दात वाजत होते. त्याला म्हटलं, हे रक्त फार लवकर काढलं जातंय, यात आज काही दिसेलच असं नाही, रिपोर्टची वाट न बघता डॉक्टरांना बोट दाखव. त्याने मान हलवली. संध्याकाळी रिपोर्ट आला. सगळं मर्यादेत. तो घ्यायला आला तेव्हा मुकादम त्याच्या मोबाइलवर होता, स्पीकर चालू. “रिपोर्ट में कुछ है क्या?” “नहीं।” “तो फिर?” फोन बंद झाला. मुलाने कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “दीदी, लेकिन बुखार तो है।”

तिसऱ्या दिवशी खोलीतल्या पोरांनी त्याला रिक्षात घालून एका खासगी हॉस्पिटलमध्ये नेलं. तोवर तो असंबद्ध बोलत होता. मधला एक दिवस तो मशीनवर उभा होता. पुढे तो वाचला. नऊ दिवस आयसीयूत काढले. चाळीने वर्गणी काढली, गावाकडे काहीतरी विकलं गेलं. नंतर तो वालीवला परतला नाही.

या गोष्टीत खलनायक शोधायचा तर मुकादम सहज सापडतो. पण तो जे म्हणाला ते आपण सगळेच म्हणतो. शाळेत पोट दुखतं म्हणणाऱ्या मुलीला, ऑफिसात सिक लीव्ह मागणाऱ्याला, बाळंतपणानंतर ‘अंगात त्राण नाही’ म्हणणाऱ्या सुनेला. “रिपोर्टमध्ये तर काही नाही ना? मग?” या ‘मग’मध्ये एक गृहीतक लपलेलं असतं : तुझा शब्द हा दावा आहे आणि कागद हा पुरावा आहे.

इथे प्रत्येकाचा शब्द सारखा हलका नसतो, हेही लक्षात घ्या. गाळ्याच्या मालकाला थंडी वाजली असती तर कुणी रिपोर्ट मागितला नसता. मिरांडा फ्रिकर या इंग्रज तत्त्वज्ञ बाईंनी २००७ मध्ये आलेल्या पुस्तकात याला एक नाव दिलंय. बोलणारा कोण आहे याबद्दलच्या पूर्वग्रहामुळे त्याच्या बोलण्याला कमी किंमत मिळणं, हा एक अन्याय आहे, असं त्या म्हणतात. आपण त्याला साक्षीचा अन्याय म्हणू. यात माणसाचं फक्त नुकसान होत नाही; त्याला स्वतःच्या अंगाबद्दलही काही कळतं, हेच नाकारलं जातं.

सेप्सिसच्या इतिहासातच याचं एक जळजळीत उदाहरण आहे. १८४० च्या दशकात व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरकीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बायका दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त होत्या. भरती कुठे व्हायची हे वारावर ठरे, आणि पहिल्या विभागाचा वार आला की बायका गुडघे टेकून विनवत, आम्हाला तिथे नका घालू. इग्नाझ सेमेलवाईस या डॉक्टराने हे लिहून ठेवलंय. १८४७ मध्ये त्याचा सहकारी कोलेत्श्का शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून, बाळंतिणींसारखाच तापाने गेला, तेव्हा सेमेलवाईसला दुवा सापडला : मुडदे चिरणारे हात न धुता बाळंतिणीला लागत होते. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. आपण ही गोष्ट एका हुशार डॉक्टराची म्हणून सांगतो. पण कारण माहीत नसताना, कुठे मरण आहे हे त्या शहरातल्या बायकांना आधीच माहीत होतं. त्यांची साक्ष उपलब्ध होती. ती भीती म्हणून बाजूला ठेवली गेली.

आकड्याची बाजू

इथवर वाचून वाटेल, की ही बाई लॅबमध्ये बसून लॅबविरुद्ध बोलतेय. तसं नाही. आकड्याचे माझ्यावर उपकार आहेत आणि तुमच्यावरही.

आकड्याला भाषा लागत नाही. ओडिशाहून आलेल्या बाईला आपलं दुखणं ना मराठीत सांगता येतं ना हिंदीत; तिचं लॅक्टेट ४ आलं तर ते तिच्या वतीने ओरडतं. ज्याच्या बोलण्याकडे कुणी लक्ष दिलं नसतं त्याला आकड्यामुळे खाट मिळालेली मी पाहिलीय. बरं वाटत नाही असं न म्हणणारेही असतात. म्हातारी माणसं, तान्ही बाळं, ‘काही नाही, दमलोय’ म्हणणारे बाप. त्यांच्या बाबतीत रक्तच आधी बोलतं. मुकादमाला पूर्वग्रह असतो, नळीला नसतो.

पूर्णपणे नसतो असं मात्र नाही. करोनात आपण सगळ्यांनी बोटाला लावलं ते ऑक्सिमीटर आठवतंय? डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात दिसलं, की रक्तातला प्राणवायू खरोखर घसरलेला असताना ऑक्सिमीटर तो ठीक दाखवतो, असं गोऱ्या रुग्णांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा घडत होतं. कातडीचा रंग यंत्राच्या प्रकाशाच्या आड येत होता. म्हणजे यंत्र बनवतानाही कुणाचं तरी बोट ‘साधारण बोट’ म्हणून धरलेलं असतं.

शब्दाची बाजूही पूर्ण स्वच्छ नाही. लोक खोटं बोलतात. सुट्टीसाठी बोलतात, विम्यासाठी बोलतात. खोटी सर्टिफिकिटं मिळतात हे कुणापासून लपलेलं नाही. आणि खरं बोलणारेही चुकतात. घाबरलेल्या माणसाची धडधड आणि सेप्सिसची धडधड आतून सारखीच वाटू शकते. प्रत्येक ‘बरं वाटत नाही’वर अँटिबायोटिक सुरू करत गेलो, तर औषधांना दाद न देणारे जंतू तयार होतात आणि त्याची किंमत उद्या दुसराच कुणी मोजतो. शरीराकडेच पाहा ना. जखमी पेशीच्या प्रत्येक हाकेवर, काहीही न पारखता, पूर्ण ताकदीनिशी धावून जाणं म्हणजेच तर सेप्सिस. अजिबात विश्वास न ठेवणारं शरीर जंतूंनी मरतं, आंधळा विश्वास ठेवणारं स्वतःच्या हाताने मरतं.

मग करायचं काय?

गडचिरोलीतल्या दोन खुणा

याचं मला सापडलेलं सगळ्यात चांगलं उत्तर महाराष्ट्रातच, गडचिरोलीच्या खेड्यांतून आलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९० च्या दशकात एक प्रयोग केला. तिथे महिन्याच्या आतली बाळं दगावत होती आणि जंतुसंसर्ग हे एक मोठं कारण होतं. हॉस्पिटल लांब, रक्ताची तपासणी तर स्वप्नच. त्यांनी गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. बाळाचं रडणं क्षीण झालंय का, दूध ओढणं कमी झालंय का, हातपाय लुळे पडलेत का, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय का, बेंबीत पू आहे का, पोट फुगलंय का, अशा काही खुणा ठरवल्या. त्यातल्या दोन एकाच वेळी दिसल्या तर सेप्सिस समजायचं. आई-बापांना हॉस्पिटलात जायला सांगायचं, ते जमणार नसेल तर त्यांच्या संमतीने घरीच जेन्टामायसिनचं इंजेक्शन आणि तोंडावाटे को-ट्रायमोक्साझोल सुरू करायचं.

१९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने हे निष्कर्ष छापले. ३९ गावांत हा कार्यक्रम झाला, ४७ गावांशी तुलना केली. तिसऱ्या वर्षापर्यंत नवजात बाळांचे मृत्यू तुलनेने ६२ टक्क्यांनी घटले. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. एकही प्रोकॅल्सिटोनिन न मोजता.

या यादीकडे पुन्हा बघा. ‘रडणं क्षीण झालंय’. कशाच्या तुलनेत? कालच्या. आणि कालचं रडणं कुणी ऐकलं होतं? आईने. आईचा शब्द इथे हवेत सोडलेला नाही आणि डोळे झाकून मानलेलाही नाही. तो ऐकला जातो, त्याच्या जोडीला दुसरी खूण शोधली जाते, दोन जमल्या की हात चालू लागतात. ‘तुझ्यावर विश्वास आहे’ याचा अर्थ ‘तुझा निष्कर्ष मान्य आहे’ असा होत नाही. त्याचा अर्थ : मी आत्ता उठून बघते. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब मोजते. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्या मुलाच्या बाबतीत तेवढंच राहून गेलं होतं.

मोठ्या हॉस्पिटलांची शहाणीवही याच दिशेला आलीय. सेप्सिसच्या उपचारांवरच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये प्रोकॅल्सिटोनिनबद्दल एक मजेशीर भेद केलाय. अँटिबायोटिक सुरू करायचं की नाही हे ठरवताना डॉक्टरांच्या तपासणीत प्रोकॅल्सिटोनिनची भर घालू नका, असं त्या सुचवतात. थांबवायचं कधी हे ठरवताना मात्र, उपचार किती दिवस चालवावेत हे स्पष्ट नसेल तर, त्या आकड्याची मदत घ्या म्हणतात. सुरुवात माणसाकडे बघून, शेवट आकडा बघून.

मला यात वैद्यकाच्या पलीकडचा एक नियम दिसतो. शंका घ्यायचीच असेल तर ती मदत सुरू झाल्यावर घ्यावी, मदतीच्या दारात उभी करू नये. कारण दोन चुकांची किंमत सारखी नाही. मुकादमाने खोट्या तापावर विश्वास ठेवला असता तर एक पाळी बुडाली असती. खऱ्या तापावर अविश्वास दाखवला तर एक माणूस जवळजवळ गेला. पहिली चूक दुसऱ्या दिवशी दुरुस्त होते, दुसरी होईलच असं नाही. आणि पहिल्या चुकीची किंमत शंका घेणारा भरतो, दुसरीची किंमत ज्याच्यावर शंका घेतली तो. ज्याला स्वतःच्या शंकेसाठी काहीच मोजावं लागत नाही, त्याला आपली शंका म्हणजे व्यवहारी शहाणपण वाटू लागतं.

आपल्या व्यवस्था याच्या उलट बांधलेल्या आहेत. ईएसआय योजनेत आजारपणाचा भत्ता मिळतो, पगाराच्या ७० टक्के, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. चांगलीच सोय आहे. पण त्यासाठी आधी नाव नोंदलेलं हवं आणि मग डॉक्टरांचं सर्टिफिकेट हवं. रोजावर काम करणाऱ्या, कुठल्याच कागदावर नसलेल्या मुलाकडे फक्त शब्द असतो. ज्याच्याकडे सगळ्यात कमी कागद, त्याच्याकडूनच सगळ्यात जास्त पुरावा मागितला जातो.

व्यवस्था एका लेखाने बदलत नाही. पण आपण सगळे कुणाचे ना कुणाचे मुकादम असतोच. धाकट्या भावाचे, रूममेटचे, घरकाम करणाऱ्या मावशींचे, आजीचे. तेव्हा एवढं लक्षात ठेवता येईल : संसर्ग, जखम, बाळंतपण किंवा ऑपरेशननंतर माणूस गोंधळल्यासारखं बोलू लागला, श्वास भरभर चालू लागला, लघवी फारच कमी झाली, अंग गार आणि चट्टेदार दिसू लागलं, किंवा ‘असं मला याआधी कधीच वाटलं नव्हतं’ म्हणाला, तर रिपोर्टची वाट बघत बसू नका. दवाखाना गाठा.

२०१६ च्या त्या व्याख्येत एक बारीक अट आहे. अवयवांच्या कामाला गुण देण्याची एक पद्धत असते, ती बघायची ती मूळ स्थितीच्या तुलनेत. गुण दोन किंवा त्याहून जास्त वाढले तर सेप्सिस. मूळ स्थिती माहीत नसेल तर ती शून्य धरतात, म्हणजे माणूस काल ठणठणीत होता असं मानतात. यंत्राला माणसाचा काल माहीत नसतो. तो माहीत असतो त्याच्या आईला, बायकोला, खोलीतल्या पोरांना आणि सगळ्यात आधी त्याला स्वतःला. म्हणून ‘रिपोर्टमध्ये काय आलं?’ याच्या आधी विचारायचा प्रश्न साधा आहे : कालच्यापेक्षा आज काय वेगळं वाटतंय? आणि उत्तर येईपर्यंत समोर बसून राहायचं.